मुरलेलं धनुष्य

धनुष्याचा टणत्कार होतो, असं आपण लहानपणापासून ऐकत आलेलो असतो. खरं म्हणजे नीट बनवलेल्या लाकडी धनुष्यातून बाण सुटला की उशीवर थाप मारल्यासारखा आवाज येतो, त्यामागे एक बारीक गुणगुण, आणि संपलं. पण विलेपार्ल्यातल्या ज्या जुन्या संस्थेच्या गॅलरीत माझी आई धनुष्य चालवायची, तिथे तेवढाही आवाज जास्त ठरत होता. गॅलरीच्या भिंतीला लागूनच अभ्यासिका होती.

अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची मुलं सकाळपासून माना खाली घालून बसलेली असत. पंखे सोडले तर कसलाही आवाज नाही. मोबाइल खाली वॉचमनच्या खणात ठेवूनच वर यायचं, हा त्या मजल्याचा नियम. गॅलरीत येणाऱ्यांनाही तो लागू होता.

त्या मुलांच्या वतीने बोलायला निलेश आला. राज्यसेवेची परीक्षा तो तिसऱ्यांदा देणार होता.

"काकू, तुमच्याबद्दल तक्रार नाही," तो आईला म्हणाला. "पण मी राज्यघटना वाचत असतो आणि मध्येच कुणीतरी पाठीत धपाटा घातल्यासारखं होतं. पुढचा कधी बसणार तेही कळत नाही. मग वाचायचं सोडून मी त्याचीच वाट बघत बसतो."

"मग वाट बघू नकोस ना."

"ते काय आपल्या हातात असतं का, काकू?"

आवाजाच्या बाबतीत काहीच आपल्या हातात नसतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार?

आई, म्हणजे सुहासिनी परब, टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. कानाला हेडफोन लावून तिने उमेदीची सगळी वर्षं काढली आणि स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी आली ती उजव्या कानात एक शिट्टी घेऊन. ती शिट्टी कधीच बंद होत नाही. आमच्या अंधेरीच्या घरात टीव्ही, रेडिओ, काहीतरी सतत चालू ठेवावं लागायचं, कारण घर शांत झालं की शिट्टी मोठी व्हायची. कानाच्या डॉक्टरांनी सवय करून घ्यायला सांगितलं होतं. तिने बरीच करून घेतली. मग एकदा शेजारणीबरोबर सहज म्हणून ती कुंडलिक सरांचा धनुष्याचा वर्ग बघायला गेली, आणि घरी आल्यावर चपला काढायच्या आधीच मला म्हणाली, "ओढून धरलं ना गो, की शिट्टी थांबता."

ती खूश असली किंवा चिडली की मालवणीवर येते. मी फिजिक्समध्ये एमएस्सी केलं आहे. दोरी ओढल्याने कानातली शिट्टी थांबायचं काही कारण नाही, लक्ष दुसरीकडे जातं एवढंच. पण त्या दिवशी ती टीव्ही न लावता जेवायला बसली.

सरांची तिच्याबद्दल एकच तक्रार असायची. दोरी गालापर्यंत आली की बाण सोडायचा असतो. आई सोडायची नाही, धरून राहायची.

"सुहासिनीताई, सोडा आता. मूर्ती आहात काय?"

"सोडत्ये हो," ती ओठ न हलवता म्हणायची, आणि तरी धरून राहायची.

निलेशच्या तक्रारीवर संस्थेच्या सचिव क्षमाताईंनी तोडगा काढला. सरांनी आपल्या धनुष्यांमधलं सगळ्यात गप्प असेल ते एक निवडायचं. कार्यकारिणीचे सगळे सभासद एका रविवारी सकाळी अभ्यासिकेत दार लावून बसतील. गॅलरीत त्या धनुष्याने तीन बाण सोडायचे. आत ऐकू आले नाहीत तर वर्ग चालू. ऐकू आले तर गॅलरी बंद, आणि तिथे आणखी टेबलं मांडायची.

"आमची दीप्ती आहे ना, फिजिक्सवाली," आईने लगेच सांगून टाकलं. "ती मोजून देईल."

मी साकीनाक्याच्या एका कंपनीत जुन्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करते. ऑफिसात आवाज मोजायचं मीटर होतं, ते मागून आणलं आणि अभ्यासिकेच्या खिडकीत ठेवलं. पुढचे काही रविवार, मुलं यायच्या आधी, आम्ही हेच केलं. खरं सांगायचं तर मला मजा आली.

सरांकडे चार लांब धनुष्यं होती, चारही आईपेक्षा उंच. मुलुंडच्या एका शाळेत ते खेळाचे शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर घराच्या बाल्कनीत बसून त्यांनी त्यातली तीन स्वतः तासली होती. एक विकतचं, फायबरचा थर दिलेलं. त्याचा बाण सगळ्यात जोरात जायचा, पण सुटल्यावर स्टीलच्या डब्याला टिचकी मारल्यासारखं ते वाजायचं. दुसरं अख्ख्या बांबूचं. ते 'टप्प' करून वाजायचं आणि तो टप्प गॅलरीच्या दोन्ही भिंतींवर आपटून यायचा. तिसरं जुन्या इंग्लिश घाटाचं, जाड पोटाचं. त्याचा आवाज खोल होता, पण भिंतीतून आरपार जायचा. आणि चौथं धामणीच्या लाकडाचं. मुठीच्या वरची आणि खालची पाती रुंद आणि चपटी, पाठीवर बांबूची पट्टी चिकटवलेली, मुठीजवळ तपकिरी दोरा घट्ट गुंडाळलेला.

ओढलेल्या धनुष्यात जी ऊर्जा साठते, तिच्यातली बरीचशी बाण घेऊन जातो. जी उरते ती पात्यांमध्ये आणि दोरीत थरथरत राहते, आणि तोच आवाज. म्हणून आम्ही जड बाण घेतले, म्हणजे ऊर्जा कमी उरेल. दोरीला लोकरीचे गोंडे बांधले. दोरी मुठीपासून थोडी लांब चढवली. बाण जिथे रुततो तिथे जुन्या गादीचा कापूस भरला, कारण निलेशच्या म्हणण्याप्रमाणे निम्मा धपाटा तिकडूनच यायचा. निलेश स्वतः मीटरशेजारी बसायचा आणि बाण सुटला की भिंतीवर टकटक करायचा.

"फायबर," तो आतून ओरडायचा. "बांबू. पुन्हा बांबू."

धामणीच्या वेळी टकटक आलीच नाही. आईने खिडकीतून डोकं घालून विचारलं, "काय रे, झोपलास?"

"सोडला का?" निलेश म्हणाला. "कधी?"

आई एवढी हसली की सरांनी तिला ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

म्हणजे निवड झाली होती. तरी मी मोजत राहिले, आणि एक गोष्ट दिसली. धामणीचं धनुष्य दर रविवारी आणखी गप्प होत होतं. तीच दोरी, तोच बाण, मीटर त्याच जागी. बाकी तिघांचे आकडे होते तिथेच होते, याचा मात्र खाली येत होता.

"हे का होतंय, सर?"

सरांनी धनुष्य हातात घेतलं, त्यावरून तळवा फिरवला. "मुरतंय ते. नवं लाकूड कुरकुर करतं. वापरून वापरून मुरतं. लोणच्यासारखं."

"म्हणजे आमच्या दीप्तीला अजून वेळ आहे," आई म्हणाली.

आम्ही सगळे हसलो. मुरलेलं लोणचं, मुरलेला गवई, मुरलेलं धनुष्य. शब्द इतका चपखल बसला की मी पुढे काही विचारलं नाही. आकडाही आम्हाला हवा तोच येत होता. त्याच दिवशी आई म्हणाली होती की हल्ली तिचे बाण खाली बसतात, खांदा दमतो बहुतेक. सरांनी तिला थोडा वर नेम धरायला सांगितलं.

ठरलेल्या रविवारी मला घाटकोपरला एका सोसायटीत काम होतं. रहिवासी घरी असतात म्हणून अशी कामं रविवारीच निघतात. आईने निघताना माझ्या डब्यात जास्तीची पोळी कोंबली.

"तू नसलीस तरी चालेल. तुझा आकडा आहे ना माझ्याबरोबर."

सोसायटीच्या पार्किंगमध्ये मितेश खांबावर हातोडी मारत होता आणि मी खडू घेऊन मागे उभी होते. मितेश माझ्या आधीपासून कंपनीत आहे. एकाच उंचीवर हातोडी फिरवत न्यायची आणि ऐकायचं, अशी आमची पहिली तपासणी असते. ठण, ठण, ठण. मग बद्द.

"थांब, थांब," मितेश म्हणाला. "इकडे पाणी मुरलंय बघ. बाहेरून एकदम झकास, आतून सगळं सुटलंय."

मी त्या जागेभोवती खडूने गोल काढला. गोल पुरा झाला आणि माझा हात तिथेच राहिला.

मुरलंय.

मितेश पुन्हा एकदा खात्रीसाठी त्याच जागी मारत होता. बद्द, बद्द. हा आवाज मी रोज ऐकते. एकसंध वस्तू वाजते. आतून सुटलेली वस्तू वाजत नाही, कारण सुटे झालेले दोन थर एकमेकांवर घासून थरथर खाऊन टाकतात. भाजीवाल्याकडे नारळ घेताना, माठ घेताना कुणीही हेच करतं, वाजवून बघतं. आणि मी एक धनुष्य आठवड्यामागून आठवडे गप्प होत जाताना मोजलं होतं, तेही दोन थर चिकटवून केलेलं, आणि त्याला पहिला नंबर दिला होता. बाण खाली पडत होते ते खांद्यामुळे नाही. पात्यांतली ताकद त्या फटीत मरत होती.

"काय झालं? भूत दिसलं काय?" मितेशने विचारलं.

"मितेश, मी निघते."

"अगं ए, सोसायटीवाले येतायत आता! मी एकटा काय सांगू त्यांना?"

"आई," मी म्हटलं.

"आईला काय झालं?"

"अजून काही नाही."

रस्त्यावर येऊन आईला फोन लावला. वाजत राहिला. अर्थात वाजणारच, तो वॉचमनच्या खणात होता. सरांचाही तिथेच असणार, क्षमाताईंचाही. संस्थेच्या ऑफिसातला फोन लावला. तोही वाजून वाजून बंद झाला. सगळे वर असणार, दार लावून, शांत बसलेले. मी पुन्हा आईला लावला, मग पुन्हा ऑफिसला.

मेट्रोत बसायला जागा होती, पण मी दाराशीच उभी राहिले. मीटरमधलं रेकॉर्डिंग मी मोबाइलमध्ये उतरवून घेतलं होतं. इअरफोन घालून पहिल्या रविवारचं लावलं, मग मागच्या रविवारचं. पहिल्यात थाप आणि त्यामागे ती बारीक गुणगुण होती. मागच्यात नुसती थाप. गुणगुण कापून टाकल्यासारखी. पुन्हा लावलं. मला चूक सापडायला हवी होती, माझी स्वतःची. त्या दिवशी मीटर दुसरीकडे ठेवलं असेल. गोंडे जास्त बांधले असतील. पण बाकीच्या तीन धनुष्यांची गुणगुण दोन्ही दिवशी सारखीच ऐकू येत होती.

सरांच्या डाव्या भुवईत टाके घातल्याची खूण आहे. ओढलेलं धनुष्य तुटलं तर काय होतं, ते त्यांनी सगळ्यांना पहिल्याच दिवशी ती दाखवून सांगितलं होतं. पातं मोडतं तेव्हा त्यातली सगळी ताकद एकदम मोकळी होते आणि तुकडा येतो तो तोंडाकडे. भुवईच्या खाली दोन बोटांवर डोळा असतो. आणि माझी आई ओढून धरून ठेवते. बाकी कुणी पटकन सोडून देईल, ती देणार नाही. आज तर नाहीच. आज तिला ती गॅलरी राखायची आहे.

असल्फा गेलं, साकीनाका गेलं. गाडी चकाल्याला थांबली आणि दारं नेहमीपेक्षा जास्त वेळ उघडी राहिली, किंवा मला तसं वाटलं. दोन मुली एकमेकींना फोटो दाखवत हसत होत्या. मला त्यांना गप्प करावंसं वाटत होतं, जणू त्यांच्या आवाजाने काही होणार होतं.

हायवेजवळ उतरून रिक्षा केली. पुलाखाली सगळं ठप्प होतं.

"भाऊ, आतून घ्या ना कुठून तरी."

"आतून काय रनवे आहे काय, मॅडम?" रिक्षावाला म्हणाला, पण आरशात माझं तोंड बघून त्याने एका गल्लीत घातली. दोन वळणं गेल्यावर पुढे पाण्याचा टँकर आडवा. मी हातात आली ती नोट त्याला दिली आणि उतरून पळत सुटले.

संस्थेच्या दारात वॉचमनने हात आडवा केला. "मॅडम, मोबाइल."

मी मोबाइल त्याच्या हातात कोंबला. 'खणाचा बिल्ला, खणाचा बिल्ला' करत तो मागून आला, तोवर मी जिन्यावर होते.

दुसऱ्या मजल्यावर इतकी शांतता होती की मला माझाच श्वास मोठा वाटला. अभ्यासिकेच्या काचेच्या दारातून कार्यकारिणीची मंडळी दिसत होती. बहुतेकांनी डोळे मिटले होते. निलेश खिडकीपाशी, हात छातीवर बांधून. आणि गॅलरीच्या अलीकडच्या टोकाला आई. माझ्याकडे पाठ, डावा हात पुढे ताणलेला, दोरी गालापर्यंत ओढलेली. हातात धामणीचं धनुष्य. पलीकडच्या टोकाला लक्ष्यात एक बाण आधीच रुतलेला होता.

ओढलेल्या धनुष्यामागे ओरडायचं नाही, हा सरांचा पहिला धडा. दचकलेला माणूस एक तर बाण कुठेही सोडतो, नाहीतर बाण चढवलेलाच ठेवून मागे वळतो. सरांच्या वर्गात तीनच शब्द होते. ओढ, सोड आणि परत. परत म्हणजे बाण न सोडता दोरी हळूहळू मूळ जागी आणायची. तो शब्द क्वचितच कुणाला लागायचा.

"आई, परत," मी म्हटलं. घरात बोलते तेवढ्याच आवाजात.

तिला ऐकू गेलं नाही. मी तिच्या उजव्या कानाच्या बाजूला होते. सरांनी मात्र वळून बघितलं आणि कपाळाला आठी घातली. आई धरून होती. तिचं कोपर स्थिर होतं. पात्याचा वरचा भाग एका बाजूला जरा जास्त वाकलाय असं मला वाटलं, मग वाटलं की तो नेहमीच तसा असतो.

"आई! परत!"

अभ्यासिकेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आईच्या खांद्याला हिसका बसला, पण बोटं सुटली नाहीत. तिने श्वास आत घेतला आणि दोरी पुढे न्यायला सुरुवात केली. तेवढा वेळ मी तिच्याकडे बघितलंच नाही, फक्त त्या लाकडाकडे बघत होते. दोरी सरळ झाली. तिने बाण काढून घेतला आणि मग वळली.

"काय झाला गो? घरी काय झाला?"

"घरी काही नाही. ते खाली ठेव. आधी ते हातातून खाली ठेव."

क्षमाताई दार उघडून बाहेर आल्या. "दीप्ती, अगं हे काय? पहिला बाण आम्हाला कुणालाच ऐकू आला नव्हता. मी म्हणत होते, सुरू करा ना, तर सर म्हणाले, केव्हाच झाला! आणि तू अशी किंचाळत आलीस?"

मी सांगितलं ते धड वाक्यात नव्हतं. खांब, पाणी, गुणगुण, खाली पडणारे बाण. सरांनी धनुष्य उचललं. तळवा फिरवला, उजेडात धरलं, गुडघ्यावर जरासं वाकवून कान लावला.

"काही नाहीये गं. गुळगुळीत आहे. तुझ्या डोक्यात ऑफिसचं सिमेंट भरलंय."

"मुठीजवळचा दोरा सोडून बघा, सर. पट्टी तिथे चिकटवलेली आहे ना?"

"दोरा सोडला तर आजचा दिवस गेला. परत गुंडाळून, रोगण देऊन, वाळवून... आणि हे सगळे इथे बसलेत ते?"

मग आईने मला विचारलं, "तुला नक्की माहीत आहे?"

"नाही."

"मोजलं होतंस ना तू?"

"मोजलं ते बरोबर होतं. त्याचा अर्थ उलटा लावला."

तिने कपाळावरचा घाम पुसला. आत सभासद घड्याळ बघत होते. एक बाण मनासारखा गेला होता, दोन राहिले होते, आणि ते झाले असते की गॅलरी तिची होती. हे माझ्याइतकंच तिलाही समजत होतं.

"सोडा सर दोरा," ती म्हणाली.

सरांनी खिशातला लहान चाकू काढला. दोरा त्यांनी स्वतः गुंडाळलेला होता. त्याचा एकेक वेढा ते असा सोडत होते जणू मी त्यांना कपडे काढायला लावलेत. खाली लाकूड आणि बांबू यांच्यामध्ये चिकटवल्याची रेघ दिसली. ती बारीक होती, जरा काळपट, आणि सगळ्या चिकटवलेल्या वस्तूंना असतेच तशी. सरांनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्यांनी अंगठ्याने बांबूची पट्टी दाबली.

रेघ मिटली. अंगठा उचलला, रेघ पुन्हा दिसली.

"कागद द्या कुणीतरी," सर म्हणाले.

निलेशने पुस्तकातली खूण म्हणून ठेवलेली कागदाची पट्टी दिली. सरांनी तिचं टोक त्या रेघेत घातलं. ते आत गेलं. कुठेही न अडता मुठीच्या पुढे गेलं, दोऱ्याच्या जागेच्याही पुढे, पात्यात. सुकलेल्या सरसाचा भुगा आईच्या पायाजवळ पडला.

मग सर म्हणाले, "पावसाळ्यात बाल्कनीत होतं. ओल धरली असणार."

"सर, हे कधी तुटलं असतं?" निलेशने विचारलं.

"सांगता नाही येत. पुढच्या बाणाला. नाहीतर पुढच्या वर्षी."

आईने ती कागदाची पट्टी हळूच बाहेर ओढली, सरळ केली आणि निलेशला परत दिली. माझा हात तिने धरला नाही, मीही तिचा धरला नाही. धरला असता तर मला रडू आलं असतं.

क्षमाताईंनी घसा साफ केला. त्या वाईट नव्हत्या, फक्त त्यांच्या मागे आठ माणसं उभी होती. "बरं झालं बाई, वेळेत कळलं. पण आता काय करूया? दोन बाण राहिलेत. सगळ्यांना पुन्हा एकत्र आणायचं म्हणजे दिवाळीनंतर. तोवर मला गॅलरी बंदच ठेवावी लागेल."

"आज राहू दे," सर म्हणाले. "दिवाळीनंतर बघू. मी नवं करतो."

"आणि ते मुरेपर्यंत?" आई म्हणाली. तिने भिंतीशी टेकवलेलं बांबूचं धनुष्य उचललं. "हे अख्खं आहे ना? यात चिकटवलेलं काही नाही?"

"अख्खं आहे. पण सुहासिनीताई, याचा आवाज..."

"माहीत आहे."

तिने ते माझ्यापुढे धरलं. मी बोटाच्या पेराने एका टोकापासून वाजवत गेले, कान लावून, पेरापेराने. दुसऱ्या टोकापर्यंत ते सारखंच वाजलं. मीटर नव्हतं, मोबाइलही वॉचमनकडे होता. पुन्हा एकदा उलट बाजूने वाजवत आले.

"सांग. ओढू की नको?"

तासाभरापूर्वीपर्यंत मी अशा प्रश्नाला आकड्याने उत्तर दिलं असतं. आता वाटत होतं की जगातलं कुठलंही लाकूड तिने गालाजवळ आणू नये. तसं म्हटलं असतं तर तिने ऐकलंही असतं.

"ओढ," मी म्हटलं.

मंडळी आत गेली, दार लागलं. आईने दोरी चढवली, बाण लावला, ओढला. आणि धरून राहिली. सर 'सोडा' म्हणाले नाहीत. मी करकर ऐकायचा प्रयत्न करत होते, अगदी बारीकशी, आणि ऐकू येत होती ती फक्त माझ्या कानातली धडधड.

टप्प! आवाज दोन्ही भिंतींवर आपटला. आत कुणाचं तरी पेन खाली पडलं. काचेतून क्षमाताईंनी आमच्याकडे बघितलं आणि नकारार्थी मान हलवली, कठोरपणे नाही, पण स्पष्ट. निलेशने भिंतीवर टकटक केली नाही. तो खिडकीशी नुसता उभा होता.

"झालं, ठेवा आता," सर हळू आवाजात म्हणाले. "निकाल लागला."

"तीन म्हणाले होते," आई म्हणाली, आणि तिने शेवटचा बाण लावला.

या वेळी ती पाय जरा जास्त फाकवून उभी राहिली. दोरी गालापर्यंत आणली. बांबू वाकला, वरून आणि खालून सारखाच. आतली माणसं उठून कागद गोळा करू लागली होती, दार कुणीतरी उघडलं होतं, बोलणं सुरू झालं होतं. ती धरून होती. तिच्या पाठीचा एकेक स्नायू ब्लाउजखाली दिसत होता. मी डोळे मिटले नाहीत. तिला हवा तेवढा वेळ तिने घेतला, मग बोटं उघडली. आवाज असा आला की बोलणारे सगळे एकदम थांबले, आणि तिच्या हातात धनुष्य अख्खं होतं.